वारं दिलेली काच

कोकरू जन्मलं आणि हललंच नाही, की अण्णा त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटाने काढायचे, मागच्या पायांना धरून त्याला एकदा झुलवायचे आणि मग त्याच्या नाकावर तोंड ठेवून फुंकायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. फुंकर अगदी थोडी, गालात मावेल एवढीच. कोकराची छाती ती केवढी असणार! मग थांबायचं, कान लावून ऐकायचं, पुन्हा थोडं फुंकायचं. याला आमच्या घरात वारं देणं म्हणत.

वारं देऊन जगवलेलं कोकरू आम्ही विकत नव्हतो, कापत नव्हतो. ते म्हातारं होऊन मेलं तरी त्याचं कातडं विकायचं नाही, ओढ्याकाठच्या बाभळीखाली पुरून टाकायचं. आणि ते अकाली गेलं, लांडग्याने नेलं किंवा कोणाच्या हयगयीने मेलं, तर ज्याने वारं दिलं त्याने मीठ सोडायचं. कळपात दुसरं कोकरू जन्मून आपल्या पायांवर उभं राहीपर्यंत आळणी खायचं. ही रीत आसपासच्या घरांत होती की आमच्याच आजोबांनी काढली होती, कोण जाणे. मी कधी चौकशी केली नाही, कारण मला तिची लाज वाटायची.

लाज मला सगळ्याचीच वाटायची. वारंगा फाट्यापासून आत, कळमनुरीच्या बाजूला आमचं गाव. घरात शेरडं, बाहेर वाडग्यात मेंढरं, आणि वर्गातल्या पोरांनी मला डोळे मिटून ओळखावं असा अंगाला वास. मी चित्रं बरी काढायचो. तेवढ्या एका दोरीला धरून नांदेडला चित्रकलेचा कोर्स केला, मग चित्रकला शिक्षकाची जागा निघण्याची वाट पाहिली. जागा निघाल्या, पण माझ्या नशिबाच्या नव्हत्या. शेवटी नव्वदीचं दशक सरता सरता पुण्याजवळच्या एका काचेच्या शेडमध्ये हरकाम्या म्हणून लागलो.

मला वाटलं होतं, बाटल्या-बरण्या करत असतील. तिथे होत होतं ते कशाच्याच उपयोगाचं नव्हतं. शेडचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, परदेशात जाऊन काच फुंकायला शिकून आले होते. ते काचेची शिल्पं करायचे. त्यांत पाणी भरायचं नाही, फुलं ठेवायची नाहीत, मेणबत्ती लावायची नाही. मोठमोठे लोक ती घेऊन जायचे, घरी कपाटात ठेवायचे आणि वरून दिवा सोडायचे. याला ते संग्रह म्हणत. त्यांतला एखादा नग दुसऱ्या कोणाकडे गेला, तर या शहाण्या माणसांची अक्षरशः झोप उडायची.

पहिल्या दिवशी सरांनी लांब लोखंडी नळीच्या टोकावर भट्टीतून काचेचा लाल गोळा घेतला, नळी फिरवत फिरवत दुसऱ्या टोकाला तोंड लावलं आणि अगदी थोडंसं फुंकलं. गोळा आतून फुगला. सर थांबले, पाहिलं, पुन्हा थोडं फुंकलं. मी कोपऱ्यात झाडू घेऊन उभा होतो आणि मला हसू आवरेना. ज्या कामापासून मी एवढा लांब पळून आलो, तेच काम इथे मोठ्या दिमाखात चाललं होतं.

बहुतेक त्यामुळेच मला ते लवकर जमलं. दोन-तीन वर्षांत मी नळी धरू लागलो, आणि एक दिवस सरांनी मला माझं स्वतःचं काहीतरी करायला सांगितलं. मी करड्या काचेचं एक शिल्प केलं. डोकं नाही, पाय नाहीत, नुसती पोटाशी पाय घेऊन झोपलेल्या कोकराच्या पाठीची गोलाई. नळीपासून सोडवताना जे भोक राहतं, ते वितळलेल्या काचेच्या थेंबाने बंद करून टाकलं. सर म्हणाले, पहिली वस्तू माणसाने घरी न्यावी. मी ती गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन, शिवरात्रीच्या सुट्टीत गावी नेली.

अण्णांनी ते दोन्ही हातांत घेतलं, एक हात खाली, एक मान असते त्या जागी. त्यांनी ते उजेडात धरलं, कानाशी नेलं, मग मला विचारलं, "हे कशानं केलं?"

"तोंडानं. फुंकून."

"तुह्या तोंडानं?"

"व्हय. तुमी कोकराला वारं देता ना, तसंच. पर हितं वारं आत कोंडून टाकलं. माहा श्वास हाय त्याच्यात, अण्णा. हे हाय तवर तो बी हाय."

असली वाक्यं सर गिऱ्हाइकांसमोर बोलायचे आणि गिऱ्हाइकं 'वा' म्हणायची. मलाही तेच हवं होतं, दुसरं काय! अण्णा 'वा' म्हणाले नाहीत. ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "कोंडला? मंग तुला तकलीफ न्हाई होत?"

मी हसलो, माय हसली. अण्णा हसले नाहीत. मायने ती काच भिंतीतल्या देवळीत ठेवली, जिथे कंदील आणि लोकर कातरायची कात्री असायची, आणि तिला हळदीचं बोट लावलं.

पुढच्या पावसाळ्यात ती अण्णांच्या हातून फुटली. कात्री काढायला हात वर गेला, मनगटाचा धक्का लागला, आणि खाली नेमका मायचा पाटा पडलेला. मला हे त्यांनी कळवलं नाही. मी सुखात होतो.

माझ्यापर्यंत पोचले ते फक्त फोन. फाट्यावरच्या एसटीडीच्या डब्यातून अण्णा शेडमध्ये फोन करू लागले. गावापासून फाटा चांगलाच लांब. आधी कधी सणावारीही त्यांनी फोन केला नव्हता.

"बरा हाईस ना?"

"हो, बरा आहे."

"दम लागून राहिला का?"

"कशाचा दम?"

"न्हाई, पुसलं."

आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. एकदा मी नळीवरची काच टाकून फोनला आलो आणि परत जाईपर्यंत ती थंड होऊन तडकली. तेव्हा मी त्यांना झापलं. म्हणालो, "अण्णा, हितं भट्टी पेटलेली असती. असल्या कामासाठी फोन करत जाऊ नका." ते म्हणाले, "बराबर हाय," आणि ठेवून दिला. त्यानंतर शेडमध्ये नुसतेच फोन येऊ लागले. मी 'हॅलो, हॅलो' करायचो, पलीकडून कोणी बोलायचं नाही, थोड्या वेळाने कट व्हायचा. कोणीतरी फुकट्या खोडी काढतोय, म्हणून मी शिव्याही घातल्या. पलीकडे माझे वडील माझा श्वास ऐकत उभे होते.

याच काळात मी करड्या काचेची आणखी शिल्पं केली, प्रत्येक पाठीची गोलाई वेगळी. सरांनी त्यांना 'कळप' असं नाव दिलं. सरांकडून नेहमी वस्तू घेणाऱ्या एक बाई होत्या. बोलायला गोड, नजर मात्र पारखी. त्यांनी तो कळप पाहिला आणि विचारलं, "यातलं पहिलं कुठं आहे?" गावी आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग ते आणा. अर्धा कळप घेऊन मी काय करू?" सरांनी मला बाजूला घेतलं. तोवर मी केलेलं सगळं सरांच्या नावाखाली जायचं. ते म्हणाले, कळप पुरा झाला तर त्याचं प्रदर्शन करू, आणि भिंतीवर नाव तुझं लावू. मी त्याच दिवशी गाडी धरली.

घरी आलो तर देवळीत कंदील आणि कात्रीच होती. अण्णा ओसरीवर बसलेले. मला पाहून ते उठले, माझ्याजवळ आले आणि माझ्या छातीवर हात ठेवून उभे राहिले. ते इतके वाळले होते, की मला आधी वाटलं, आधारासाठीच त्यांनी हात ठेवला आहे.

चुलीपाशी मायला विचारलं, "माय, ते काचेचं कुठं गेलं?"

"फुटलं," माय म्हणाली. "त्यांच्या हातून. तवाचं मीठ सोडलंय त्यांनी."

मला आधी नीट कळेचना. मग म्हणालो, "तवापासून कळपात कोकरं झाली असतील की!"

"झाली. उभी राहिली, बाजारात बी गेली. म्या सांगून थकले. ते म्हणत्यात, त्यात माणसाचं वारं व्हतं, कोकरू उभं राहून काय व्हतंय? तसलंच दुसरं उभं राहिलेलं डोळ्यानं बघीन तवा मीठ खाईन." तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "उन्हात दोनदा चक्कर येऊन पडले. मेंढरं घरी आली, माणूस न्हाई. रीत तर ज्याचं वारं त्यानं मीठ सोडायची हाय. तुह्यं मीठ त्यांनी सोडलं."

मला राग आला. आधी रागच आला, उगाच साळसूद बनण्यात अर्थ नाही. भिंतीवरचं माझं नाव गेलं याचा राग, आणि हा अडाणीपणा माझ्याच घरात असावा याचाही. मी ओसरीवर गेलो आणि त्यांना विज्ञान शिकवलं. काच गरम असताना बंद केली की आतली हवा थंड होऊन आक्रसते, तिचा माझ्या फुप्फुसाशी काही संबंध नाही, मी रोज शेकडो वेळा फुंकतो आणि ठणठणीत आहे. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"फुटायच्या आधी आवाज आला," ते म्हणाले. "काच वाजती तो न्हाई. दम सोडल्यावानी."

"ते वारं असतंय, अण्णा. नुसतं वारं."

"बराबर हाय. कोकरात बी वारंच असतंय."

ते मला ओढ्याकाठी घेऊन गेले. बाभळीखाली एक ताजा दगड रोवलेला होता. पाट्याभोवतीचा एक-एक तुकडा वेचून त्यांनी तिथे पुरला होता. बोटं कापली होती, त्याचे वण अजून दिसत होते. तिथे उभा राहून मला फाट्यावरचे ते मुके फोन आठवले आणि माझी मान खाली गेली. एक वाक्य मी ऐटीत फेकलं होतं, आणि या माणसाने त्याच्यासाठी महिनोन्‌महिने आळणी खाऊन अंग झिजवलं होतं.

मी त्यांना सोबत घेऊन पुण्याला आलो. तसलंच दुसरं उभं राहिलेलं डोळ्यांनी पाहायचंय ना, मग पाहा. वाटेत गाडी जेवायला थांबली तिथेही त्यांनी नुसत्या दुधात भाकरी कुस्करून खाल्ली. शेडमध्ये ते भिंतीला टेकून उकिडवे बसले. भट्टीचा जाळ त्यांना मानवला, पण मी नळीला तोंड लावलं की ते अर्धे उठायचे. मी एक फुगा केला, दुसरा केला, शेवटी म्हणालो, "बघा, काय झालं मला?"

त्यांनी विचारलं, "हे झाल्यावर कुठं जातंय?"

"लोक घेऊन जातात."

"इकतोस?"

"व्हय."

त्यांनी मान भट्टीकडे वळवली. आमच्या घरात वारं दिलेलं कोणी कधी विकलं नव्हतं, आणि त्यांचा पोरगा दिवसभर तेच करत होता. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "तुहं पोट हाय त्याच्यावर. तू कर. मला एक करू दे. तुह्यं माह्या हातून गेलं, माह्यं वारं त्याच्या जागी ठेव."

सरांना हे फारसं रुचलं नाही, पण बाई त्या दिवशी शेडमध्येच होत्या आणि त्यांना मोठं कौतुक वाटलं, म्हणून सरांचाही नाइलाज झाला. मी नळीवर करडी काच घेतली, सर नळी फिरवत राहिले, आणि अण्णांनी दुसऱ्या टोकाला तोंड लावलं.

"जोरात!" सर ओरडले.

अण्णांनी जोरात फुंकलं नाही. त्यांना फुंकायची एकच पद्धत माहीत होती. गालात मावेल एवढंच, मग थांबून, नळीला कान लावल्यासारखं डोकं कलतं करून, पुन्हा तेवढंच. काच आपली त्या फुंकरीने फुगायची, थांबायची, पुन्हा फुगायची. गोळ्याला एकाच्या पुढे एक असे तीन फुगवटे आले. दम घेणारं, सोडणारं, पुन्हा घेणारं पोट दिसावं, तसं ते दिसत होतं. इतकी वर्षं मला जे करायचं होतं आणि साधत नव्हतं, ते त्यांच्याकडून होऊन गेलं होतं. मी भोक बंद केलं. मग अण्णांना ते डोळे भरून पाहता यावं म्हणून मी ते तसंच त्यांच्यासमोर धरून ठेवलं. धरायला हवं होतं त्यापेक्षा थोडा जास्तच वेळ.

"उभं राहिलं," अण्णा म्हणाले. शेडबाहेरच्या टपरीवर त्यांनी पोहे मागवले, वर चिमूटभर मीठ वेगळं मागून घेतलं, ते जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. म्हणाले, "तुह्यं गेलं, माह्यं आलं. आता बराबर झालं. शिवरात्रीला घरी घेऊन ये." मेंढरं दुसऱ्यावर टाकून आले होते, त्यामुळे संध्याकाळच्याच गाडीने ते परत गेले. गाडीच्या खिडकीतून त्यांचा चेहरा मला कित्येक महिन्यांनी आधीसारखा दिसला.

फुंकलेली काच एकदम गार होऊ द्यायची नसते. ती दुसऱ्या भट्टीत ठेवून सावकाश निववावी लागते. सकाळी मी त्या भट्टीचं दार उघडलं तर पहिल्या फुगवट्यापासून तिसऱ्यापर्यंत केसासारखी चीर गेली होती. मी ती जास्त वेळ बाहेर धरली होती, तेव्हाच ती पातळ जागी निवून गेली असणार.

दुपारी फोन वाजला. या वेळी पलीकडून आवाज आला. "निघालं का नीट?"

काय झालं ते खरं सांगितलं असतं तर त्यांनी त्याच संध्याकाळपासून मीठ सोडलं असतं. त्यांची ती वाळलेली मनगटं माझ्या डोळ्यांसमोर आली. "निघालं," मी म्हणालो.

"उभं हाय?"

"उभं हाय."

हे खोटं नव्हतं, असं मी स्वतःला समजावलं. चीर गेलेली असली तरी ते उभं होतंच. ते मी फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं. शिवरात्रीला नेऊन बाभळीखाली पुरायचं, अण्णांना काय सांगायचं ते तेव्हा पाहू, असं ठरवलं.

पण बाई आल्या. त्यांनी अण्णांनी फुंकलेलं कुठंय म्हणून विचारलं. मी म्हणालो, त्याला चीर गेलीय. त्या म्हणाल्या, दाखवा तर खरं. फडकं सोडून त्यांनी ते खिडकीशी नेलं. चिरेवर उजेड पडला आणि ती आतून उजळली. "हेच पहिलं," त्या म्हणाल्या. "कळप याच्यामागे चालेल." मी म्हणालो, हे द्यायचं नाही. एवढं मात्र मी म्हणालो. त्या आग्रह करणाऱ्या नव्हत्या. हसून म्हणाल्या, विचार करा. नंतर सर म्हणाले, "अरे, त्याच्याशिवाय त्या बाकीचं घेणार नाहीत. तुझंच नाव लागायचंय. चीर गेलेली काच ठेवून करणार काय तू?"

आठवडाभर मी विचार केला, म्हणजे स्वतःशी वकिली केली. वारं तर चिरेतून केव्हाच निघून गेलं, आता उरलं ते काय? नुसतं कातडं. आणि आमच्यात कातडंही विकत नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. माहीत असूनही मी ते दिलं. बाईंना मी सांगितलं, यात माझ्या वडिलांचं वारं होतं. त्या म्हणाल्या, "म्हणून तर." ज्या दिवशी ते शेडमधून गेलं त्या रात्री खानावळीत मी मीठ बाजूला सारलं, आणि पुढेही सारत राहिलो. शेडमधले लोक हसायचे, या वयात ब्लडप्रेशर का रे? मी म्हणायचो, हो.

प्रदर्शनात भिंतीवर माझं नाव होतं. मोठ्या अक्षरांत, नीट दिसेल असं. कळपाच्या सगळ्यात पुढे, उंच पांढऱ्या चौथऱ्यावर, अण्णांनी फुंकलेलं ठेवलं होतं. लोक त्याच्याभोवती फिरून हळू आवाजात बोलत होते. मी माझ्या नावाकडे एकदाच पाहिलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

त्या शिवरात्रीला मी गावी गेलो नाही. फोनवर काहीबाही सांगितलं, काम आहे, सुट्टी नाही. पुढच्या शिवरात्रीलाही तेच. अण्णा म्हणायचे, "ते बरं हाय ना?" मी म्हणायचो, "बरं हाय." मग मायचा निरोप आला की त्यांना आता दम लागतो, ओढ्यापर्यंतही जाववत नाही, येऊन जा. तेव्हा गेलो.

ते ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. बोलताना मधेच थांबून श्वास घ्यायचे. त्या हंगामात न हललेल्या एका कोकराला मायनेच वारं दिलं होतं, अण्णांची फुंकर आता पुरत नव्हती. माझ्या हातात फक्त कपड्यांची पिशवी होती. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं काहीच नाही. ते विचारत नव्हते याचंच मला जास्त ओझं होत होतं.

रात्री मायने ताटं वाढली. माझ्या ताटात भाकरी, वरण, कडेला मीठ. मी वरणाची वाटी बाजूला ठेवली, मीठ ताटाच्या पार काठाला सारलं आणि शेजारचं दूध ओतून घेऊन त्यात भाकरी कुस्करली. सवयीने हात तसाच गेला. कोणाच्या लक्षात येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वर पाहिलं तर अण्णांचा हात ताटावर थांबलेला.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

मी भाकरी कुस्करत राहिलो.

"फुटलं, का इकलं?"

माय आमच्या दोघांकडे पाहत राहिली. मी म्हणालो, "आधी फुटलं, अण्णा. मंग इकलं."

त्यांनी दम घेतला. मला वाटलं, आता ओरडतील; ओरडले असते तर किती बरं झालं असतं. ते म्हणाले, "आणायचं व्हतं. तुह्या त्याच्या बाजूला पुरलं असतं."

"चुकलं माह्यं."

"आता कुठं असतंय ते?"

"एका बाईच्या घरी. काचेच्या कपाटात. वर दिवा असतो."

"माहित हाय का तिला, कोणाचं हाय ते?"

"सांगितलंय."

त्यांनी मान हलवली. मी म्हणालो, "म्या मीठ सोडलंय, अण्णा. ते गेलं तवापासून."

"तुहं मीठ काहून सुटंल?" ते म्हणाले. "वारं माह्यं व्हतं."

त्यांनी आपल्या ताटाच्या कडेचं मीठ बोटांनी गोळा केलं, हात लांब करून माझ्या ताटात ठेवलं. मग त्यांची वरणाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि मायकडून दूध मागून घेतलं. माय काही बोलायला गेली, पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ती थांबली. तसलंच दुसरं उभं राहीपर्यंत, ही त्यांची अट होती; या वेळी ते त्यांच्याच वाऱ्याचं हवं होतं. आणि दुसरं उभं करण्याएवढं वारं आता त्यांच्या छातीत उरलेलं नाही, हे त्या घरात तिघांनाही माहीत होतं.

"खा," ते म्हणाले.

मी ते मीठ वरणात कालवून खाल्लं. समोर अण्णा दुधात भाकरी कुस्करून जेवत होते, आणि प्रत्येक घासानंतर थोडं थांबून दम घेत होते.